भुताला तलवार का लागत नाही?

२००६ च्या जानेवारीत मी ऑनसाइटला होतो, मिनिॲपोलिसला. बाहेर शून्याखाली वीस, गाडी गरम व्हायला दहा मिनिटं, आणि शनिवारी करण्यासारखं काय, तर लाँड्री, घरी फोन आणि इंडियन स्टोअरमधून आणलेले फ्रोझन पराठे. अशात टेस्टिंग टीममधल्या एकानं विचारलं, "शनिवारी आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला येतोस का?" मी गेलो. पहिल्यांदा पिझ्झासाठी, नंतर खेळासाठी.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं: कुणी तलवारबाज फायटर, कुणी जादूगार, कुणी क्लेरिक (देवाचं नाव घेऊन गदा फिरवणारा धर्मगुरू). "समोर बंद दार आहे, काय करता?" असं मास्टर विचारतो, तुम्ही सांगता, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. पराक्रम केले की पात्राची लेव्हल वाढते. आमच्या कंपनीतल्या प्रमोशनपेक्षा हे बरंच नियमित होतं.

माझा फायटर होता मल्हार. टेबलावरच्या मंडळींना ते 'मॅलर्ड' ऐकू यायचं, म्हणजे तिकडचं हिरव्या डोक्याचं बदक. असो. नऊ महिन्यांत मल्हारला पाचव्या लेव्हलला आणला. १५०० सोन्याची नाणी मोजून डोक्यापासून पायापर्यंत पोलादी चिलखत घेतलं. तलवारही साधी नाही, जादूची होती.

मग ऑक्टोबरात, हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी, मास्टरनं एका पडक्या थडग्यातून 'रेथ' बाहेर काढला. रेथ म्हणजे काळ्या धुरासारखं, अंग नसलेलं भूत. माझी तलवार त्याला चार वेळा लागली. दर वेळी मास्टर म्हणायचा, "लागली खरी, पण आता पुन्हा फासा टाक. पन्नास टक्के शक्यता आहे की ती आरपार गेली." चारही वेळा आरपार! चिलखताचा उपयोग शून्य, कारण रेथचा हात पोलादातून सरळ आत येतो. दर स्पर्शाला मल्हारची ताकद गळत गेली आणि चौथ्या फेरीत तो मेला. जादूगार पोरानं त्या रेथला शेवटी मॅजिक मिसाइलनं संपवलं. ते पहिल्या लेव्हलचं, अगदी बालवाडीतलं जादूचं अस्त्र, पण त्याला ती पन्नास टक्क्यांची भानगडच नाही.

खरी गंमत पुढे. रेथनं मारलेला माणूस एक ते चार फेऱ्यांत स्वतःच रेथ होतो. मास्टरनं माझ्याकडे फासे सरकवले आणि म्हणाला, "आता तूच खेळ." मित्रांच्या तलवारी मल्हारच्या आरपार जायला लागल्या आणि मला, कबूल करतो, तो नियम अचानक फार न्याय्य वाटायला लागला :)

घरी परतताना मात्र चिडचिड झाली. नऊ महिन्यांचे शनिवार गेले होते. आणि डोक्यात प्रश्न प्रोग्रामरचा: तलवार जादूची, मिसाइल जादूचं, मग एकाला पन्नास टक्के आणि दुसऱ्याला शंभर? हा बग आहे की फीचर? कोणी लिहिला हा कोड, आणि का? तिसऱ्या आवृत्तीचे मूळ नियम तेव्हा नेटवर फुकट वाचायला मिळायचे. तिथून सुरुवात केली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मागे मागे जात राहिलो.

मागे गेल्यावर आधी येतं १९७१ सालचं 'चेनमेल' हे छोटं पुस्तक. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी लिहिलेले, शिशाच्या सैनिकांनी मध्ययुगीन लढाया खेळायचे नियम. त्याच्या शेवटी एक पुरवणी जोडलेली होती: तुमच्या लढाईत ड्रॅगन आणि जादूगार आणायचे असतील तर काय करायचं. त्यात रेथ आहे, आणि नावाशेजारी टॉल्किनच्या नाझगुलांचा उल्लेख आहे. म्हणजे माझ्या मल्हारला मारणाऱ्याचं मूळ गाव 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. त्या कादंबरीतसुद्धा नाझगुलांच्या म्होरक्याला घायाळ करतो तो एका जुन्या थडग्यातून मिळालेला, खास त्याच्या राज्याशी लढण्यासाठी घडवलेला खंजीर. साध्या पोलादाचं ते काम नव्हतं. 'भुताला खास हत्यार लागतं' हा धागा इथून येतो.

दुसरा धागा सिनेमाचा, आणि तो मी राहत होतो त्याच गावातला, हे कळल्यावर मला फार मजा वाटली. खेळाचा दुसरा जनक डेव्ह अर्नसन मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतला. त्याच्या 'ब्लॅकमूर' नावाच्या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं होतं, सर फँग. तो इतका भारी झाला की कुणाला आवरेना. मग त्याला तोड म्हणून दुसऱ्या खेळाडूला एक पाद्री दिला, हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांतल्या व्हॅन हेल्सिंगसारखा क्रॉस घेऊन भुतांना मागे रेटणारा. क्लेरिकचा जन्म असा झाला असं सांगितलं जातं. (आपल्याकडे नारायण धारपांचा 'समर्थ' ज्यांनी वाचलाय, त्यांना या माणसाची वेगळी ओळख करून द्यायला नको.) म्हणजे देवाची, धर्माची वगैरे मोठी चर्चा होऊन हे पात्र आलेलं नाही. एक खेळाडू डोईजड झाला होता, त्यावरचा हा पॅच होता!

तिसरा धागा लोककथांचा: चांदी, मंतरलेलं पाणी, सूर्यप्रकाश.

१९७४ साली गायगॅक्स आणि अर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांच्या खोक्यात बाहेर आला. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त हजार. त्यात हे तिन्ही धागे एकत्र आहेत, पण विणलेले नाहीत, नुसते शेजारी शेजारी ठेवलेले. पिशाच्चांची एक उतरंड आहे. 'वाइट' हा थडग्यात राहणारा: साधा बाण त्याला लागत नाही, चांदीच्या टोकाचा नेहमीसारखा लागतो, जादूचा दुप्पट लागतो. त्याच्यावर रेथ: चांदी त्याला अर्धीच लागते. त्याच्यावर 'स्पेक्टर': त्याला शरीरच नाही, म्हणून चांदीसुद्धा व्यर्थ, फक्त जादूची हत्यारं. जितकं शरीर कमी, तितकी जगातल्या वस्तूंची सत्ता कमी. नियम म्हणून हे कुठंही लिहिलेलं नाही, पण यादी वाचली की आपोआप कळतं.

क्लेरिकसाठी वेगळा तक्ता. एका बाजूला क्लेरिकची लेव्हल, वर सांगाड्यापासून व्हॅम्पायरपर्यंत पिशाच्चं, आणि दोन फाशांवर किती पडले पाहिजेत तो आकडा. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला सांगाडा पळवायला ७ हवेत, झोंबीला ९, घूल नावाच्या प्रेतखाऊला ११. त्याच्यापुढे कितीही पडले तरी काही होत नाही.

पण या पुस्तिकांतली सगळ्यात भयंकर गोष्ट वेगळीच आहे. वाइट किंवा रेथ तुम्हाला लागला तर तुमची एक लेव्हल जाते. स्पेक्टर लागला तर दोन. वाचवायला फासा नाही, काही नाही. गेली म्हणजे गेली. आता विचार करा, लेव्हल म्हणजे काय? ती पात्राची असते असं आपण म्हणतो, पण मिळवलेली असते खेळाडूनं, महिनोन् महिने शनिवार खर्चून. ड्रॅगन जाळतो ते पात्राला. हे भूत हात घालत होतं तुमच्या कॅलेंडरला. म्हणून १९७४ चे खेळाडू रेथ दिसला की पळत सुटायचे, आणि पळणं हेच शहाणपण होतं.

पुढची पायरी १९७७ ते १९७९. 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाडजूड पुस्तकं आली आणि गायगॅक्सनं याद्या आणखी लांबवल्या. रेथला आता झोपेची जादू चालत नाही, मोहिनी चालत नाही, जागच्या जागी खिळवणारी चालत नाही, थंडीची चालत नाही. विष नाही, लकवा नाही. पण होली वॉटरची कुपी ओतली तर २ ते ८ पॉइंटांची इजा. आणि एक सुंदर नियम: मेलेल्याला जिवंत करणारा 'रेज डेड' मंत्र रेथवर टाकला तर रेथ नष्ट होऊ शकतो. जे माणसाला परत आणतं तेच भुताला संपवतं.

'घोस्ट' नीट मांडला तो १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये. हा असतोच दुसऱ्या पातळीवर, ईथरमध्ये, त्यामुळे तो स्वतः अर्धवट आकार घेत नाही तोवर तलवार वगैरे विसरा. नुसता दिसला तरी माणूस १० वर्षांनी म्हातारा होऊन पळत सुटू शकतो, आणि स्पर्श झाला तर १० ते ४० वर्षं. आधी लेव्हल खाणारं भूत, आता वय खाणारं.

या पुस्तकांत गायगॅक्स एक कारणही देतो. ही पिशाच्चं एकाच वेळी दोन जगांत असतात, एक आपलं आणि एक उलटं, ऋण शक्तीचं. म्हणून ती स्पर्शानं जीव शोषतात. सिद्धांत म्हणून हे छान आहे, पण नियम त्यातून निघत नव्हते. नियम आधी लिहिलेले होते आणि सिद्धांत नंतर चिकटवला होता. आपण कोड लिहून झाल्यावर डिझाइन डॉक्युमेंट लिहितो ना, तसं. पुरावा हवा? १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात जखम बरी करणारा मंत्र बघा. ज्यांना शरीर नाही किंवा जे जिवंत नाहीत त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही, एवढंच लिहिलंय. भूत ऋण शक्तीचं असेल तर जीव देणाऱ्या मंत्रानं ते भाजायला नको का? नाही. यादीत नाही, म्हणजे नाही.

ही भाजणी झाली २००० साली. मधल्या काळात, १९९७ मध्ये, टीएसआर कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली होती आणि माँटी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनी तिसरी आवृत्ती लिहिली. हे माझ्या दृष्टीनं जगातल्या मोठ्या रिफॅक्टरिंगपैकी एक! प्रत्येक भुताची वेगळी यादी काढून टाकली आणि एकच व्याख्या केली: 'इनकॉर्पोरियल', म्हणजे अशरीरी. ज्या प्राण्यावर हा शिक्का त्याला हे सगळे नियम लागू. साधी हत्यारं लागणार नाहीत. जादूची हत्यारं आणि मंत्र लागतील, पण शरीर असलेल्याकडून आले असतील तर पन्नास टक्के वाया जातील. याला अपवाद मोजके: धन शक्ती, ऋण शक्ती, 'घोस्ट टच' नावाची खास हत्यारं आणि 'फोर्स'.

फोर्स म्हणजे शुद्ध जोर, ज्याला वस्तू लागत नाही. प्रत्येक मंत्राच्या माथ्यावर आता चौकटी कंसात टॅग असायचे आणि मॅजिक मिसाइलवर हा टॅग होता. १९७८ मध्ये ते नुसतं न चुकणारं जादूचं अस्त्र होतं. २००० मध्ये त्याला शिक्का मिळाला आणि एका रात्रीत बालवाडीतलं अस्त्र भूतमारीतलं सगळ्यात भरवशाचं झालं. 'मेज आर्मर'चंही तेच. हे अदृश्य चिलखत पहिल्याच लेव्हलचा मंत्र, पण फोर्सचं असल्यामुळे रेथचा हात ते अडवतं. माझं १५०० नाण्यांचं पोलाद अडवत नाही. मला मिळालेलं उत्तर हे असं होतं. बग नव्हता. उलट, पहिल्यांदाच नियमाला तर्क होता.

आणि तर्क किती बारीक, ते बघा. होली वॉटरची कुपी भुतावर फेकून उपयोग नाही, कारण ती फुटायला समोर अंग कुठाय? २००३ च्या साडेतीन आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय: बूच काढा, जवळ जा आणि अंगावर ओता. म्हणजे अर्थात त्याच्या हाताच्या टप्प्यात जा. एका ओळीच्या नियमात मला अख्खा प्रसंग दिसतो: थरथरत्या हातात बूच काढलेली कुपी, आणि समोर तो. जखम बरी करणारा मंत्रही आता पिशाच्चाला भाजायला लागला. सिद्धांत आणि कोड एकदाचे जुळले.

आता तो पन्नास टक्क्यांचा फासा. २००९ साली याच नियमांवरून 'पाथफाइंडर' हा खेळ निघाला आणि त्यांनी तो फासा काढून टाकला. अशरीरी शत्रूला सरळ निम्मी इजा. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीनंही तेच केलं होतं. एक्सेलमध्ये मांडलं तर फरक शून्य. माझी तलवार १० पॉइंटांची आणि चार वार लागले, तर दोन्ही नियमांनी सरासरी २०. पण सरासरी कुणी खेळत नाही! जुन्या नियमानं चारही वार आरपार जाण्याची शक्यता सोळात एक, आणि माझ्या वाट्याला नेमकी तीच आली. नव्या नियमानं मल्हारनं त्या रात्री बरोबर २० पॉइंट काढले असते, जादूगाराचं काम तेवढं लवकर झालं असतं, आणि कदाचित तो वाचला असता. न्याय झाला असता. पण तलवार धुरातून निघून जाते आणि पोटात गोळा येतो, तो क्षण झाला नसता.

२०१४ ची पाचवी आवृत्ती याच वाटेनं पुढे गेली. आता घोस्टला साधी तलवारसुद्धा लागते, निम्मी. जादूची पूर्ण. आग, वीज, आम्ल निम्मं. थंडी आणि विष अजिबात नाही. जखम बरी करणारा मंत्र पुन्हा बिनपरिणाम, म्हणजे १९७८ ला परत (रिग्रेशन म्हणतात ते हेच). आणि जीव शोषणं? १९७४ ला गेलेली लेव्हल परत यायची नाही. १९७८ ला ती परत आणायला सातव्या, म्हणजे क्लेरिकच्या सर्वोच्च पातळीचा मंत्र लागायचा. २००० मध्ये चोवीस तासांनी वाचवणारा फासा मिळाला. २०१४ मध्ये रेथ किंवा स्पेक्टरनं शोषलेला जीव रात्रभर झोप काढली की भरून येतो. घोस्टच्या दर्शनानं येणारं म्हातारपण मात्र २०१४ मध्येही होतं, आणि आकडाही १० ते ४० वर्षांचाच. बहुतेक कुणाला तरी ते काढवलं नाही. २०२५ च्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'नं तर जादूची तलवार आणि साधी तलवार हा भेदच पुसला. निम्मं म्हणजे सगळ्यांना निम्मं.

यात मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. लेव्हल खाणाऱ्या नियमानं किती ग्रुप फुटले असतील कोण जाणे. नोकरी करणारी माणसं महिन्यातून दोन संध्याकाळी कशाबशा काढतात. त्यांचे सहा महिने एका फाशानं पुसायचे, हे बरोबर नाही. नऊ महिने गमावलेला माणूस म्हणून मी हे सांगू शकतो. पण इतकी वर्षं हे वाचून माझं मत असं झालंय की भुताचा नियम लिहिणाऱ्यापुढे प्रश्न एकच असतो. काहीच लागत नसेल तर तो खेळ नाही. सगळंच थोडंथोडं लागत असेल तर ते भूत नाही. १९७४ वाल्यांनी भीती ठेवली आणि न्याय सोडला. आत्ताच्यांनी न्याय ठेवलाय. २००० वाल्यांना मधली जागा सापडली होती असं मला वाटतं, कारण त्यांनी 'किती लागतं' याच्या आधी 'का लागतं' हे विचारलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. दोन वर्षांपूर्वी पुण्यात, दिवाळीच्या सुट्टीत, तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी हा खेळ शिकवला. नियम २०१४ चे. पडक्या वाड्यात त्यांना घोस्ट भेटला. भाचीनं साध्या तलवारीनं वार केला, लागला. मी म्हटलं, "आठ पडले, त्याला चार लागतील."

ती थांबली. "अर्धं लागतं म्हणजे? त्याला अर्धं अंग आहे का?"

मला उत्तर देता येईना. पुस्तकात निम्मं का, ते लिहिलेलंच नाही. मी ती पानं मिटली आणि म्हटलं, "बरं, परत सांगतो. तुझी तलवार त्याच्या छातीतून गेली. धुरातून जावी तशी. तो तुझ्याकडे बघतोय. काय करतेस?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दहा वर्षांच्या मुली, दुपारचे चार वाजलेले, बाहेर फटाके, तरी कुणी बोलेना. मग भाची हळूच म्हणाली, "मामा, आपण पळूया का?"

पळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला उठवून तिनं पहिला प्रश्न विचारला: चांदीची तलवार केवढ्याला मिळते?